चेहरा सोडून

मागच्या हंगामात, एका बुधवारी दुपारी अकोल्याच्या दवाखान्यात माझी बायको मनीषा वारली. तिला ताप होता. मी पलंगाशेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. संध्याकाळी आम्ही तिला घेऊन गावी आलो. गुरुवारी आमच्या शेतात वेचणी ठरली होती. ती झाली नाही.

कपाशी आता पुन्हा फुटली आहे. नांदुऱ्याहून शाळा करून परत येताना वडनेर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पांढरं दिसायला लागतं. मी गाडी हळू करतो. या दिवसांत पहाटे दव पडतं, आणि ओला कापूस कुणी वेचत नाही. वेचायला आलेल्या बाया ऊन चढेपर्यंत बांधावर बोलत बसतात. त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत येतं. प्रत्येकीच्या अंगात लुगड्यावरून पुरुषाचा जुना सदरा असतो. कपाशीच्या फांद्या ओरबाडतात, बोंडाची वाळलेली टोकं कातडीत शिरतात, म्हणून आमच्याकडे वेचणीला जाणारी बाई घरातल्या पुरुषाचा टाकून दिलेला, लांब बाह्यांचा सदरा चढवते आणि डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळते. दुरून पाहिलं तर कोणाचाही चेहरा दिसत नाही. ओळखू येतात ते सदरे. ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली.

मनीषा फोनवर छोटे व्हिडिओ काढायची. अर्ध्या मिनिटाचे, कधी त्याहून लहान. आमची आरू रांगायला लागली त्या सुमारास मी नवा फोन घेतला आणि जुना तिला दिला. काचेला एका कोपऱ्यात तडा होता. तिला तो चालला. त्याच हंगामात एका संध्याकाळी मी पोरांच्या वह्या तपासत बसलो होतो, तेव्हा तिनं येऊन फोन माझ्या वहीवरच ठेवला. आमच्या विहिरीवरचा पाण्याचा पाट होता. पाटात आभाळ होतं, आणि त्या आभाळावरून दोन पाय चालत येत होते. जोडव्यांवरून मी ते ओळखले.

"हे कसं केलं?" मी विचारलं.

"फोन उलटा धरला, डोकं खाली. मंग कॅमेरा पान्याले टेकते अन् आभाळ आत येते." ती हसत होती. "टाकू का हे?"

"कुठं?"

"सारे टाकतात ना हो. मोबाइलवर."

मी थोडा वेळ घेतला. थोडा वेळ घेऊन बोलायची मला सवय आहे, त्यामुळे लोकांना मी विचारी वाटतो. मग म्हणालो, "टाक. पण तोंड दिसू देऊ नको."

"यात तं पायच हायेत."

"पुढच्याचं सांगतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि फोन उचलून आत गेली.

त्या रात्री मला माझ्याविषयी बरं वाटलं होतं, हे लिहिताना आज पेन थांबतो. आमच्या शाळेतल्या बऱ्याच सरांच्या घरी बायकांच्या हाती असा फोनच नव्हता. मी दिला होता, वर परवानगीही दिली होती. मी मराठी शिकवतो. शब्द तोलून वापरावेत असं वर्गात सांगतो. पण 'परवानगी' हा शब्द मला तेव्हा कुठंच टोचला नाही.

तिच्या सगळ्या युक्त्या माझ्या त्या अटीतून निघाल्या. चेहरा सोडून काय काय दाखवता येतं, हे ती शोधत राहिली. दिवस कलला की ती स्वतःची सावली काढायची. कपाशीच्या रांगांवरून घरंगळत जाणारी लांबच लांब सावली, कमरेला बांधलेल्या कापसाच्या झोळीमुळे पोटुशी दिसणारी. चपलेच्या पट्ट्यात फोन अडकवून तो बांधावर उभा करायची आणि धावत जाऊन पाठमोरी चालायला लागायची. कधी नुसते हात. ती दोन्ही हातांनी वेचायची, आणि डाव्या हाताची बोटं बोंडाला लागून पुढच्या झाडाकडे गेलेली असायची तेव्हा उजवा हात कुठं मागचं बोंड रिकामं करत असायचा. फोनात ते हात संथ करून ठेवले की वाटायचं, कुणी झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत आहे.

एक युक्ती मला सगळ्यांत आवडायची, पण तसं मी तिला म्हटलं नाही. शेतात उभी राहून ती मूठभर कापूस कॅमेऱ्यावर दाबायची. सगळं पांढरं व्हायचं. मग घरी येऊन पुन्हा कॅमेऱ्यावर कापूस दाबायची आणि हळूच काढून घ्यायची. पांढऱ्यातून आमचं स्वयंपाकघर निघायचं, तव्यावर फुगत चाललेली भाकरी निघायची. मधला सगळा दिवस, उन्हातली वाट, डोक्यावरचं गाठोडं, दुखरी कंबर, सगळं त्या मुठीत जायचं. पाहणाऱ्याला वाटावं, शेत आणि चूल यांच्यामध्ये फक्त एक मऊ पडदा आहे.

कधी कधी ती हाक मारायची, "अहो, जरा फोन धरता का? दोनच मिनिटं."

मला वह्या असायच्या. नाहीतर पुस्तक असायचं. नाहीतर आरूला मांडीवर घेतलेलं असायचं, म्हणजे मीच कुठल्या तरी कामात आहे असं दाखवता यायचं. मी तिचा फोन एकदाही धरला नाही. धरला असता तर समोर ती असती.

पहिल्या हंगामाच्या शेवटी शेवटी एका दुपारी शिक्षकखोलीत गणिताच्या सरांनी मला टाळी दिली. "काय सर, तुमचा सदरा तं लय फेमस झाला बे!"

मला समजलं नाही. त्यांनी फोन पुढं केला. कपाशीच्या रांगेत पाठमोरी मनीषा होती. तोंडाला दुपट्टा, मान खाली. अंगात माझा निळ्या रेघांचा सदरा. मग ती वळली, चेहरा नव्हताच, पण खिशावर शाईचा डाग होता. पेपर तपासताना पेन गळून पडलेला तो डाग साऱ्या शाळेनं आधी माझ्या छातीवर पाहिला होता.

"वहिनी काय चालतात हो. हिरॉइनच!" दुसरे कुणीतरी म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं. कदाचित कौतुकही असेल. माझे कान मात्र गरम झाले. शिपायानं चहा आणला, त्यानंही फोनात वाकून पाहिलं. मी तो चहा प्यायलो, आणि त्या चहाची चव मला अजून आठवते. त्यात आलं होतं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "माझा सदरा घालून व्हिडिओ काढू नको."

"काऊन?"

"ओळखतात लोक."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमाले ओळखतात. मले कोन ओळखते?"

दुसऱ्या दिवशी तिनं सदरा उलटा करून घातला. शिवण बाहेर, खिसा आत. शाई मात्र कापडातून पलीकडे उतरली होती, आणि तो डाग उलट्या बाजूनंही दिसायचा. शेजारच्या शांताकाकू तिला म्हणाल्या, "काऊन वं मनीषा, सराचा सदरा कायले उलटा केला? भांडन झालं का?" बांधावर बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. मनीषाही हसली. तिनं ते मला रात्री सांगितलं आणि पुन्हा हसली. मी हसलो नाही. गावातल्या प्रत्येक बाईला कोण कोणाचा सदरा घालतं ते पाठ होतं. चेहरा झाकून मी काय झाकलं होतं, हे एकट्या मलाच माहीत नव्हतं.

वेचलेला कापूस व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत घरातच असतो. आमची पुढची खोली त्या दिवसांत आढ्याला टेकेपर्यंत भरते. दार उघडलं की सरकी, धूळ आणि तापलेल्या उन्हाचा वास येतो. अंगाला खाज सुटते, रात्री झोपेत माणसं कराकरा खाजवतात. पण सकाळी एका घटकेपुरती त्या खोलीला काहीतरी होतं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन कापसावर पडतं आणि कापूस ते सगळीकडे वाटून टाकतो. कुठं सावली म्हणून उरत नाही. त्या उजेडात म्हातारं माणूस तरणं दिसतं.

मनीषानं ते हेरलं होतं. एका रविवारी तिनं मला हाताला धरून तिथं बसवलं. "तुम्ही पुस्तक घ्या अन् वाचत राहा. माह्याकडे पाहू नका."

"कशाला?"

"पाह्य ना, उजेड कसा पडून राह्यला तुमच्यावर."

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. तिनं काढलेल्यांत तो सगळ्यांत देखणा. मी पान उलटतो, कापसाचा एक तंतू हवेत तरंगत येतो आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर बसतो. मी तो फुंकतो, आणि माझ्याही नकळत हसतो. माझा पूर्ण चेहरा त्यात आहे, दाढीचे खुंट, कपाळावरची आठी, सगळं. माझं तोंड दाखवायला तिला कुणी मनाई केली नव्हती. मी तो व्हिडिओ पुष्कळ दिवस स्टेटसला ठेवला होता. लोकांनी विचारलं, कुणी काढला? मी लिहिलं, घरीच काढला.

मग अळीचं वर्ष आलं.

बीटी बियाण्याच्या बोंडाला अळी लागत नाही, असं ऐकत आम्ही कपाशी लावत आलो होतो. सुरुवातीची काही वर्षं ते खरंही होतं. मग कुठं कुठं गुलाबी अळी निघाल्याचं कानावर यायला लागलं. आमच्या गावातही कृषी सहायक येऊन मारुतीच्या पारावर बोलून गेला. पुरुष मागं उभं राहून तंबाखू मळत होते, मीही त्यांच्यात होतो. बाया ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. मनीषा त्यांच्यात होती.

पोळा झाला आणि काही दिवसांनी ती शेतातून घाईघाईनं आली. फोनमध्ये एक फूल होतं. तिनं कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून ते काढलं होतं. थेंबामुळे लहानसं फूल पडदा भरून मोठं झालं होतं. पाकळ्यांची पिवळसर पांढरी कड, त्यावरची परागांची भुकटी, सगळं हाताला लागेल असं. पाकळ्या मिटलेल्या होत्या, गुलाबाच्या कळीसारख्या. मग तिचा अंगठा आला, त्यानं पाकळ्या फाकवल्या, आणि आत, ओलसर अंधारात, एक बारीक जीव वळवळला.

वर तिचा आवाज होता.

"हे पाह्यजा. हे फूल उमललं नाही. याले डोमकळी म्हन्तात. अळीनं आतून पाकळ्या शिवून टाकल्या. तुमच्या वावरात असं फूल दिसलं तं लगेच तोडा. अन् वावरातच टाकू नका, घरी आनून जाळा. आज एक हाय, उद्या बोंडात जाते."

पारावर सांगितलं होतं तेच होतं ते. पण पारावर मी ऐकलं नव्हतं, आणि इथं ऐकलं. आवाज शांत होता. घाबरवत नव्हता, थांबवत होता. कुणी दारात येऊन सांगावं तसा.

मी म्हणालो, "चांगलं आहे. आवाज काढ यातला."

"काऊन?"

"गाणं लाव एखादं. सगळे लावतात."

"गान्यात कसं समजंल लोकाईले?"

"दिसतंय की सगळं."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही, पण तिला ते समजलं असावं. मी वर्गात पोरांचं 'मले' काढून 'मला' लिहायला लावत होतो. 'म्हन्तात'खाली लाल रेघ मारत होतो. जिल्ह्याच्या एका व्याख्यानात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी माझी भाषा शुद्ध आहे असं म्हटलं होतं, ते मी घरी दोनदा सांगितलं होतं. आणि आता मराठीच्या सरांच्या बायकोचा तो आवाज शिक्षकखोलीत वाजेल, कुणी तिची नक्कल करेल, शिपाई चहा देताना वाकून ऐकेल, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. चेहऱ्याची लाज मला लोकांमुळे वाटत होती, असं मी स्वतःला सांगू शकतो. आवाजाची लाज माझी स्वतःची होती. मी ती शिकून, परीक्षा देऊन मिळवली होती.

तिनं गाणं लावलं. बासरी होती त्यात. आवाजाचा व्हिडिओ तिनं पुसून टाकला, कारण फोनमध्ये जागा नव्हती.

तिचा कुठलाही व्हिडिओ गेला नव्हता इतका तो गेला. गावाच्या ग्रुपवर, पाहुण्यांच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर. लोकांनी बदामाची चिन्हं टाकली, हात जोडले. 'निसर्गाची किमया', 'कापसाचं फूल एवढं सुंदर असतं हे माहीत नव्हतं', असं लिहिलं. फाकवलेल्या पाकळ्यांतली वळवळ एका क्षणात येऊन जात होती, आणि बासरी नेमकी तिथं उंच चढत होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हणालो.

त्या वर्षी बोंडं भरली तशी आतून किडत गेली. फोडलं की गुलाबी अळी, काळी पडलेली सरकी, पिवळा, चिकट कापूस. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. बाया वेचत होत्या आणि वेचताना बोलत नव्हत्या. दरवर्षी बांधावरून ऐकू येणारं हसणं त्या वर्षी नव्हतं. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत शांताकाकूंनी शेतात बकऱ्या सोडल्या. आम्हीही उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून टाकली. पुढच्या खोलीत जेमतेम कमरेएवढा ढीग झाला, तोही डागाळलेला. सकाळचं ऊन त्यावर पडायचं आणि तिथंच मरायचं.

एका संध्याकाळी शांताकाकू आमच्या ओट्यावर टेकल्या होत्या. मनीषा गहू निवडत होती. काकू सहज म्हणाल्या, "पोळ्याच्या टाइमाले तुया तो फुलाचा व्हिडिओ पाह्यला होता वं मी. लय मस्त होता."

मनीषाचा हात सुपात थांबला. "फुलाचा नव्हता काकू. डोमकळी होती थे. अळी दाखवत होतो मी."

"हाव का? मले वाटलं फुलाचा हाय. आमच्या वावरात तशीच दिसे. मी म्हटलं, आपल्या इकडं बी तसंच फूल आलं."

मी आत होतो. दाराआडून ऐकत होतो. माझ्या सांगण्यावरून आवाज काढला, असं मनीषा म्हणू शकली असती. काकूंना सांगितलं असतं तर काकूंनी मला दोन शब्द सुनावले असते आणि ते तिथंच संपलं असतं. ती फक्त म्हणाली, "चुकलं माह्यं. समजंल असं काढाले पाह्यजे होतं." आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

त्या व्हिडिओनं कुणाचं शेत वाचलं असतं असं मी म्हणत नाही. अळी आमच्या एका गावाची नव्हती, आणि दोनचार फुलं तोडून ती थांबली असती असंही नाही. मी हा हिशोब अनेकदा मनात मांडून स्वतःला सोडवून घेतलं आहे. पण काकूंचं 'तसंच फूल आलं' हे वाक्य त्या हिशोबात बसत नाही. आपल्या शेतात ते फूल दिसल्यावर त्यांना आनंद झाला होता.

त्यानंतर मनीषानं काही काढलं नाही. पऱ्हाटी उपटायच्या आदल्या दिवशी तिनं एक काढला होता, तो शेवटचा म्हणता येईल. चांगली राहिलेली दहा-वीस बोंडं तिनं वेचली, मागं मागं चालत, आणि फोनात ते उलटं फिरवलं. त्यात ती पुढं चालते. झोळीतून कापूस तिच्या बोटांत येतो, बोटांतून बोंडात जातो, आणि प्रत्येक झाड तिच्या मागं पांढरं होत जातं. उजाड शेतात ती शिरते आणि भरलेलं शेत सोडून निघते. शेवटी ती वळायच्या आधी व्हिडिओ संपतो. गाणं तेच, बासरीचं. कुणी फारसा पाहिला नाही.

ती गेल्यावर पहिले काही महिने मी तिचा फोन उघडलाच नाही. नंतर उघडला तेव्हा रोज उघडायला लागलो. फोटो आहेत आमच्याकडे. लग्नाचे आहेत, आधार कार्डावरचा आहे, आरूच्या बारशाचा एक आहे. लग्नाच्या सीडीत ती हलते-चालते, पण तिथं तिनं मान वर केलेली नाही. मला तिचं बोलताना बदलणारं तोंड हवं होतं. ते नाही हे कळल्यावर मला निदान आवाज हवा होता.

नांदुऱ्याला बसस्टँडजवळ अनीसभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिचा फोन घेऊन गेलो. पुसलेला व्हिडिओ परत निघतो का, विचारलं. त्यांनी तो आपल्या कॉम्प्युटरला लावला. पुष्कळ वेळ पाहत राहिले. गिऱ्हाइकं येत होती, त्यांना थांबवत होते.

"सर, कालपरवाचा असता तं निघाला असता," ते शेवटी म्हणाले. "इतका पुराना नाही निघत. त्या जागेवर दुसरं किती काय काय येऊन बसलं. काय होतं त्यात?"

"तिचा आवाज होता."

अनीसभाईंनी फोन फडक्यानं पुसला. काचेवरचा तडा तसाच होता. "वहिनी एक बार आल्या होत्या ना दुकानात. मले म्हणे, भाऊ, कॅमेऱ्यावर पान्याचा थेंब ठेवला तं फोन बिघडते का? म्या म्हटलं, बिघडंलच ना बाई, कायले ठेवता? तं त्याईनं इचारलं, बरं मंग थेंब केवढा ठेवला तं नाही बिघडत?" ते हसले. "आवाज याद हाय मले."

त्यांनी तिची नक्कल केली होती. 'केवढा'वर ती जसा जोर द्यायची तसाच जोर दिला होता. मला ज्या नकलेची भीती वाटली होती तीच ती, आणि मला ती पुन्हा ऐकायची होती. मी तसं म्हणू शकलो नाही. फोन घेतला आणि बसस्टँडवर जाऊन बसलो. गाडी दुकानापाशीच राहिली आहे हे तिथं बसल्यावर आठवलं.

परवा आमच्या शेतात सीतादही झाली. वेचणीचा आरंभ करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, झाडाला कापसाचा धागा गुंडाळतात, मग पहिलं बोंड वेचतात. दरवर्षी ते मनीषा करायची. मागच्या हंगामात कुणी केलं नाही. या वर्षी माझी माय म्हणाली, "वावर उपाशी राह्यते बापा, मी करतो." तिचे गुडघे गेले आहेत. मी तिला गाडीवर मागं बसवून नेलं. आरू पुढं बसली होती. ती आता तिसरीत आहे. तिच्या अंगात तो निळ्या रेघांचा सदरा होता, गुडघ्याखाली येणारा, बाह्या चारदा दुमडलेल्या. कपाटातून तिनंच काढला होता. मला विचारलं नाही.

शेतात पोचल्यावर तिनं पायातली चप्पल काढली, पट्ट्यात मनीषाचा फोन अडकवला आणि मायसमोर उभा केला. हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. मायनं पळसाच्या पानावर दहीभात ठेवला, बोटांनी कापूस पिळून धागा काढला. आरू फोनमागं पोटावर पडून पाहत होती. झाल्यावर तिनं मला दाखवलं. मायचे हात होते, पान होतं, पांढऱ्यावर पांढरा दहीभात होता, धागा गुंडाळताना हललेलं झाड होतं. वर मायची मान होती. मानेवर काही नव्हतं.

"आजीचं तोंड कुठं गेलं?" मी विचारलं.

"तोंड नसते काढत, पप्पा." तिनं मला एखादी सोपी गोष्ट समजावून सांगावी तसं सांगितलं. "हात काढतात, सावली काढतात. आईच्या एका तरी व्हिडिओत हाय का तोंड?"

मी पूर्वी 'हाय'चं 'आहे' केलं असतं. आता करत नाही.

"बरं, मी फोन धरतो," मी म्हणालो. "तू समोर उभी राहा. तुझं तोंड काढू."

"नाही. मंग थे आईसारखं नाही होत."

माय बांधावर टेकली होती. तिनं पाय लांब केले आणि म्हणाली, "पोरी, तुया मायले हौस होती तोंड दाखवाची. तुया बापानंच नाही म्हटलं होतं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं. इतकी वर्षं तिला माहीत होतं, आणि तिला वाटत होतं की आरूलाही माहीत असेल.

आरूनं माझ्याकडे पाहिलं. "काऊन, पप्पा?"

शेतात वारा नव्हता. शेजारच्या शेतात शांताकाकूंच्या बाया वेचायला लागल्या होत्या. मी उत्तराला पुस्तकी शब्द शोधत होतो, आणि तोंडातून आलं ते भलत्याच बोलीत आलं, माझ्या लहानपणीच्या. "मले लाज वाटे."

"आईची?"

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मला सांगता येणार नाही. आरूनं ते कसं घेतलं हेही मला माहीत नाही. ती सदऱ्याच्या खिशावरचा डाग नखानं खरवडत राहिली. मग जवळच्या झाडाचं एक बोंड रिकामं केलं, कापूस मुठीत धरला आणि म्हणाली, "धरा फोन."

मी धरला. ती समोर आली, मागं सगळं शेत. मी पडद्यात तिचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, आणि ती हसायला लागतेय असं वाटलं तेवढ्यात तिनं कापूस कॅमेऱ्यावर दाबला.

"काढ आता," मी म्हणालो.

"थांबा. अजून नाही."

मी थांबलो. फोनमधली जागा भरली आणि व्हिडिओ आपोआप थांबला.

आरू आता बाहेर ओट्यावर अभ्यास करते आहे. व्हिडिओ फोनमध्ये आहे. जवळजवळ सगळा पांढरा आहे. त्यात आरूचं हसणं आहे, माझं 'काढ आता' आहे, आणि 'थांबा, अजून नाही' हे तिचं बोलणं आहे. मी त्यावर गाणं लावलेलं नाही.